तीन बॉयलर, एक वीर चक्र

२०२१ च्या नोव्हेंबरात लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राकडे एक वीर चक्र सोपवण्यात आलं. सोबत त्याचं मूळ मानपत्र. पदक पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धातलं आणि ते मिळवणारे व्हाइस ॲडमिरल बिनॉय रॉय चौधरी. १९७१ मध्ये ते ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेचे इंजिनिअर ऑफिसर होते. भारतीय नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेतल्या अधिकाऱ्यांपैकी वीर चक्र मिळालेलं हे एकमेव नाव. त्यांनी शत्रूची नौका बुडवली नव्हती की विमान पाडलं नव्हतं. त्यांची लढाई जहाजाच्या पोटात होती, तडे गेलेल्या बॉयलरांशी.

वीर चक्र शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी देतात, मग ते जमिनीवर असो, समुद्रात असो वा आकाशात. बॉयलर सांभाळणाऱ्याला ते कसं मिळालं, हे समजायचं तर आधी बॉयलर समजून घ्यावा लागतो.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला तो परका नाही. सेलू तालुक्यातलं हिंगणी आज बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्रप्रकल्पाच्या वाटेवरचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण हा सगळा मुलूख मूळचा कापसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंगणघाट, पुलगाव या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्या वाफेवर चालल्या. ज्या भोंग्यावर गाव घड्याळ लावायचं, तो भोंगाही बॉयलरच्याच वाफेवर वाजायचा. १९२३ च्या बॉयलर कायद्याने अशा बॉयलरांना नोंदणी आणि ठरावीक मुदतीचा दाखला सक्तीचा केला. इन्स्पेक्टर येणार, ड्रम आतबाहेरून तपासणार, पाण्याच्या दाबाची चाचणी घेणार आणि तडा सापडला की बॉयलर बंद. मालकाने कितीही गयावया केली, हंगाम कितीही भरात असला, तरी बंद म्हणजे बंद. नौदलाच्या जहाजांना हा कायदा लागू नव्हता. लागू असता, तर १९७१ मध्ये विक्रांत बंदरातून हललीच नसती.

विक्रांतवर चार बॉयलर होते, ‘ॲडमिरल्टी थ्री-ड्रम’ जातीचे. वर वाफेचा एक ड्रम, खाली दोन्ही बाजूंना पाण्याचा एकेक ड्रम आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांचं दाट जाळं. मधल्या पोकळीत फर्नेस ऑइलची आग. नळ्यांतलं पाणी तापून वर चढतं, वाफ होते, ती टर्बाइनकडे जाते आणि टर्बाइन पंखे फिरवतं. मात्र विमानवाहू नौकेवर या वाफेला आणखी एक मालक असतो. डेकवरून विमान भिरकावणारं कॅटापल्ट वाफेवर चालतं. शिवाय समुद्राच्या पाण्यापासून बॉयलरला लागणारं शुद्ध पाणी करायचं तर तिथेही वाफच लागते. सगळं ठीक असताना या चार बॉयलरांच्या जोरावर विक्रांत २४-२५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने धावायची.

१९७० च्या जूनमध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांत तडे सापडले. धातू थकला की आतून बारीक भेगा पडतात, तसे. वेल्डिंग करून भागेल असे ते नव्हते. नवे ड्रम देशात मिळत नव्हते, म्हणून चार ड्रमांची मागणी ब्रिटनकडे गेली आणि तोवर बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम दिल्लीहून सुटला. देशाची एकुलती एक विमानवाहू नौका बॅलार्ड पिअरला बांधून पडली.

या जहाजाच्या नशिबी आधीपासूनच थांबून राहणं होतं. महायुद्ध चालू असताना १९४३ मध्ये टाइन नदीकाठी ‘हर्क्युलिस’ नावाने तिचा कणा घातला गेला. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली तेव्हा युद्धच संपलं होतं. अर्धवट सांगाडा दहा-अकरा वर्षं तसाच राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फने पुरा केला आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात आली. १९६५ चं युद्ध झालं तेव्हा ती मुंबईत दुरुस्तीत होती. ती बुडवल्याच्या बातम्या तेवढ्या पाकिस्तानात छापून आल्या. १९७१ उजाडलं तेव्हा पुन्हा तेच चित्र दिसू लागलं होतं, या वेळी निदान बुडवल्याच्या अफवेचीही गरज नव्हती.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण वाफ आणि मुंबई यांचं नातं विक्रांतपेक्षा फार जुनं आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी लाकडापेक्षा लोखंडाकडे आणि वाफेकडे वळले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्याच साली कंपनी सरकारने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर नेमलं आणि गोऱ्या इंजिनिअरांना एका हिंदी माणसाच्या हाताखाली काम करावं लागलं. त्या काळी हे किती जणांच्या घशाखाली उतरलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पण अर्देशीर हा अपवाद. बाकी आगबोटींवरच्या हिंदी माणसाची जागा ठरलेली होती. डेकवर सारंग, तांडेल आणि खलाशी. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. खाली इंजिनपाशी भट्टीत कोळसा ओढणारा आगवाला आणि यंत्रात तेल घालणारा तेलवाला. डेकवरच्या माणसाला निदान वारा लागायचा. आगवाल्याला दिवस उजाडला की मावळला हे पाळी बदलल्यावर कळायचं. जहाज बुडायला लागलं तर सर्वांत लांबची शिडी त्याचीच.

म्हणूनच एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी वाटते. रॉयल इंडियन मरीनने, म्हणजे आजच्या नौदलाच्या पूर्वजाने, पहिल्या हिंदी माणसाला अधिकारी म्हणून घेतलं ते १९२८ मध्ये आणि ते डी. एन. मुखर्जी इंजिनिअर होते. नौकेची कमान हिंदी हातात जायच्या आधी इंजिन रूम गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नौदल झपाट्याने वाढलं, तशी यंत्रं चालवणाऱ्यांची टंचाई भासू लागली आणि १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्याच्या डोंगरावर त्यांच्या प्रशिक्षणाचं केंद्र सुरू झालं. त्याला नाव दिलं ‘एचएमआयएस शिवाजी’. ज्यांच्या आरमाराने एके काळी मुंबईकर इंग्रजांची झोप उडवली, त्यांचंच नाव इंग्रजांनी आपल्या नौदलाच्या केंद्राला द्यावं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली होती कोण जाणे. १९५० नंतर ‘एचएमआयएस’चं ‘आयएनएस’ झालं. भुशी धरणावर भिजायला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गर्दीला हा परिसर बाहेरून चांगला माहीत असतो. आत स्टीम, डिझेल आणि गॅस टर्बाइन शिकवतात, याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

परत विक्रांतकडे येऊ. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली, निर्वासितांचे लोंढे बंगालात येऊ लागले आणि युद्धाची चिन्हं दिसू लागली. ब्रिटनचे ड्रम अजून आलेले नव्हते. त्याआधीच, २६ फेब्रुवारीला, जहाज धक्क्यावरून काढून बंदरात नांगरावर नेलं होतं, कमी दाबावर बॉयलर पेटवून पाहण्यासाठी. सात महिने पडून असलेली यंत्रं १ मार्चला जागी झाली. त्याच दिवशी कॅटापल्टही चालवून पाहिलं. मार्चमध्ये आणि एप्रिलच्या अखेरीस समुद्रात चाचण्या झाल्या. त्यानंतर नौदलाने मर्यादा घालून दिली: वाफेचा दाब चौरस इंचाला ४०० पौंडांपर्यंत, पंख्याचे फेरे पुढे जाताना मिनिटाला १२० आणि मागे येताना ८०, वेग १४ नॉट. चौथा बॉयलर बाद. उरलेले तीन जपून वापरायचे.

हे ‘जपून’ म्हणजे काय, ते नीट पाहायला हवं. घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी दाब साधारण १५ पौंडांचा असतो. विक्रांतच्या बॉयलरचा उतरवलेला दाबही त्याच्या पंचवीसपटीहून जास्त. इतक्या दाबाखालचं पाणी सुमारे २३० अंश सेल्सिअसला पोचूनही पाणीच राहतं, कारण दाबामुळे त्याला उकळता येत नाही. ड्रम फाटला की दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि त्या टनावारी पाण्यातला मोठा भाग तिथल्या तिथे वाफ होतो. बॉयलर रूम बंदिस्त. आत असलेल्या माणसांना पळायला वेळ मिळत नाही. तडा किती खोल आहे, किती दिवस टिकेल, हे सांगणारं शास्त्र होतं. पण ते सांगत होतं एवढंच की बॉयलर पेटवू नका.

तरीही पेटवायचे ठरले. नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल नंदा आणि फ्लीट ऑपरेशन्स ऑफिसर कॅप्टन गुलाब हिरानंदानी यांचं म्हणणं असं की, १९६५ प्रमाणे या युद्धातही विक्रांत बंदरातच राहिली तर तिला पांढरा हत्ती म्हणतील आणि नौदलाच्या विमानदलावर कायमची फुली पडेल. विमान एकही उडालं नाही तरी चालेल, पण जहाज समुद्रात दिसलं पाहिजे. विरोधही जोरदार होता आणि तो भित्रेपणाचा मुळीच नव्हता. पाकिस्तानकडे फ्रान्सकडून घेतलेल्या तीन डाफ्ने जातीच्या पाणबुड्या होत्या, शिवाय अमेरिकेकडून मिळालेली ‘गाझी’. चौदा नॉटने चालणारी १९,००० टनांची नौका म्हणजे पाणबुडीला चालून आलेली शिकार.

धोरणाचा निर्णय दिल्लीत झाला. पण तो अंमलात आणता येईल की नाही, हे खालच्या डेकवरच्या माणसांच्या शब्दावर अवलंबून होतं. रॉय चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्याला पाठ्यपुस्तकात धडा नव्हता. बॉयलरांना बाहेरून पोलादी पट्टे आवळले, ड्रम उलायला लागला तर त्याला धरून ठेवायला. वाफ गळते का हे दुरून पाहता यावं म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या. बॉयलर रूमवर लांबून लक्ष ठेवायची व्यवस्था केली. सेफ्टी व्हॉल्व्ह नव्या हिशेबाने लावले. बॉयलर बनवणाऱ्यांची संमती यातल्या बऱ्याच गोष्टींना नव्हती आणि मागायला वेळही नव्हता. जूनमध्ये खोल समुद्रात लांबलचक चाचण्या झाल्या आणि महिनाअखेर विक्रांत कामगिरीला योग्य ठरली. वेगाची मर्यादा तीच, चौदा नॉट.

पट्टे आवळल्याने तडा बुजत नाही, हे ते आवळणाऱ्यांना सर्वांत चांगलं माहीत होतं. तरी पुढचे सहा महिने त्याच बॉयलरांशेजारी पाळ्या लागल्या, स्टोकर (भट्टी सांभाळणारे) आणि आर्टिफिसर (यंत्र-कारागीर) खाली उतरत राहिले. लढाईतलं धाडस बहुधा काही मिनिटांचं असतं. हे धाडस दर चार तासांनी नव्याने करावं लागत होतं.

२३ जुलैला विक्रांत वेस्टर्न फ्लीटबरोबर मुंबईहून निघाली, २६ ला कोचीनला पोचली आणि तिथून ‘ब्रह्मपुत्र’ आणि ‘बियास’च्या सोबतीने मद्रासला गेली. कमान कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्याकडे. त्यांच्यापुढे आता दुसरं कोडं होतं. विमान डेकवरून उडायला आणि उतरायला समोरून वारा लागतो आणि तो वारा जहाज स्वतःच्या वेगाने तयार करतं. वेग पंचवीसऐवजी चौदा नॉट म्हणजे समोरचा वारा तेवढाच कमी. फ्रेंच बनावटीची पाणबुडीविरोधी आलिझे विमानं या वेगात उतरवायची तर ती जवळजवळ कोसळण्याच्या बेतात येतील इतकी हळू आणावी लागणार होती. शेवटी विमानांचं वजन कमी केलं आणि मग आलिझे आणि लढाऊ सी हॉक दोन्ही जहाजावर आली. इंजिन रूममधला आकडा असा थेट वैमानिकाच्या जिवाशी जोडलेला होता. विमानावरचा भार खालच्या बॉयलरकडे पाहून ठरत होता.

१३ नोव्हेंबरला नवं ईस्टर्न फ्लीट अंदमानकडे निघालं. विक्रांतला आडबाजूच्या नांगरतळावर लपवून ठेवलं आणि ती मद्रास-विशाखापट्टणमच्या दरम्यान आहे असं भासवणारे खोटे संदेश हवेत सोडले. कराचीहून निघालेली गाझी तिच्याच शोधात आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. भारताच्या मते ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जने, पाकिस्तानच्या मते स्फोटाच्या अपघाताने. वाद अजून मिटलेला नाही.

४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाव. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला. बंगालच्या उपसागरातली कोंडी पक्की झाली आणि पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली. तीन बॉयलर टिकले.

या युद्धात विक्रांतच्या माणसांना दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. महावीर चक्र स्वराज प्रकाश आणि सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना. याच ईस्टर्न फ्लीटमध्ये ‘कामोर्ता’ची कमान सांभाळणाऱ्या मनोहर आवटी यांना वीर चक्र. ते पुढे व्हाइस ॲडमिरल झाले, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले आणि शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचं वेड तरुण अधिकाऱ्यांना त्यांनीच लावलं. समुद्रापासून लांबच्या मराठी गावाचं आणि नौदलाचं नातं जुळायचं ते असंही.

पश्चिम किनाऱ्यावर त्याच ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा होतो. त्यातही एक इंजिनांची गोष्ट दडलेली आहे. या रशियन नौका बंदर राखण्यासाठी बनवलेल्या, वेगवान पण कमी पल्ल्याच्या. प्रत्येकीत ४,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिनं, एकेक इंजिन ४२ सिलिंडरचं. रशियाहून येताना मुंबईत त्या उतरवून घेण्याइतकी मोठी क्रेन नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. असं ओढणं जमतं हे त्यातून दिसलं आणि दूरच्या कराचीवर जाताना तीच युक्ती उपयोगी पडली. हल्ल्याचं नेतृत्व करणारे बब्रुभान यादव यांना महावीर चक्र, तिन्ही नौकांच्या कप्तानांना वीर चक्र. ‘निर्घात’वरचे मास्टर चीफ एम. एन. संगल यांनाही वीर चक्र, हे वेगळं सांगायला हवं, कारण ते अधिकारी नव्हते, नाविक होते.

पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि १८ अधिकारी आणि १७६ नाविक जहाजाबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं आणि ते योग्यच होतं. मात्र टॉर्पेडो लागला त्या क्षणी खाली इंजिनावर पाळीला असलेल्यांना जहाज सोडायचं की नाही हा प्रश्न विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. शौर्यपदकासाठी पाहणारा साक्षीदार लागतो. इंजिन रूममध्ये जे घडतं, त्याचे साक्षीदार बहुतेकदा त्याच खोलीत असतात आणि तिथेच संपतात. या शाखेच्या छातीवर शौर्यपदकं कमी दिसतात त्याचं हे एक साधं कारण असावं.

याला मोठा अपवाद शेजारच्या देशात आहे. कमांडर मोहन नारायण राव सामंत या मराठी अधिकाऱ्याने १९७१ मध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या नौदल तुकडीचं नेतृत्व केलं. कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर तोफा चढवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ तयार केल्या होत्या. त्यांच्या जोडीला भारतीय नौदलाची ‘पनवेल’ ही छोटी नौका होती. ही तुकडी मोंगला आणि खुलन्याच्या दिशेने नदीत आत शिरली. १० डिसेंबरला खुलन्याजवळ भारतीय हवाई दलाच्याच विमानांनी शत्रू समजून पद्मा आणि पलाशवर हल्ला केला. पलाशवर इंजिन रूम आर्टिफिसर मोहम्मद रुहुल अमीन होते, पूर्वी पाकिस्तानी नौदलात काम केलेले, नोआखालीकडचे. ते इंजिन वाचवायला खाली थांबले आणि त्याच दिवशी मरण पावले. बांगलादेशाने ‘बीर श्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान फक्त सात जणांना दिला, त्यांत रुहुल अमीन आहेत. एका देशाचं सर्वांत मोठं पदक इंजिनापाशी काम करणाऱ्याला मिळाल्याचं असं दुसरं उदाहरण सहज सापडायचं नाही. सामंत यांना भारताने महावीर चक्र दिलं.

भारतीय नौदलाला परमवीर चक्र अद्याप एकदाही मिळालेलं नाही. १९७१ ची चार परमवीर चक्रं भूदल आणि हवाई दलाकडे गेली.

ही पदकं दिसायला कशी, याचा थोडा तपशील. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. त्यांचे आराखडे सावित्रीबाई खानोलकर यांचे. मूळच्या त्या स्वित्झर्लंडच्या. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या, मराठी आणि संस्कृत शिकल्या आणि महाराष्ट्राच्या संतांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. वीर चक्र चांदीचं आणि गोल. दर्शनी बाजूला पाच टोकांचा तारा, त्याच्या मध्यावर चक्र आणि त्यावर सोनेरी राजमुद्रा. मागे दोन कमळं आणि पदकाचं नाव. फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी.

त्याखेरीज १९७१ च्या युद्धात सेवेत असलेल्या हजारोंना मोहिमेची पदकं मिळाली: संग्राम मेडल, शिवाय पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. ती शौर्याची नाहीत, हजेरीची आहेत, असं कधी कधी थोड्या तुच्छतेने बोललं जातं. विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये सहा महिने हजर राहिलेल्या स्टोकरसमोर असं बोलायची हिंमत कुणी करू नये.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं, ते २०१२ मध्ये बंद पडलं. ती कायमची जतन करायच्या घोषणा बऱ्याच झाल्या, पैसे कुणी काढले नाहीत. २०१४ मध्ये ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि मुंबईतल्या दारूखाना भागात तिचे तुकडे झाले. त्यातलं काही पोलाद पुण्याच्या बजाजने घेऊन २०१६ मध्ये मोटारसायकलीच्या एका मॉडेलला वापरलं. त्याच साली मुंबईत लायन गेटजवळ तिच्याच धातूचं एक स्मारक उभं राहिलं. परंतु तिचा एखादा बॉयलर जपून लोणावळ्याच्या आवारात ठेवता आला असता. ज्या राज्याच्या बंदरात हा सगळा प्रकार घडला, त्या राज्याने एवढं करायला हवं होतं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर बॉयलर नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत. वाफेवरचं हे काम प्रत्यक्ष केलेल्या पिढीतले लोक आता थोडे उरले आहेत.

म्हणून वर्ध्याच्या, विदर्भाच्या वाचकाला एक विनंती. नौदलाची नोकरी हा किनाऱ्यावरच्यांचा मक्ता नाही. हिंगणीसारख्या गावांतल्या घरांतही माजी सैनिकांची पदकं डब्यात, ट्रंकेत, देवघराच्या कप्प्यात पडलेली असू शकतात. मोहिमेच्या पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंगाखाली ते वाचा, वहीत उतरवा. सोबत कोणतं जहाज, कोणती तुकडी, कोणतं काम आणि कुठली वर्षं, हे घरातल्या थोरांना विचारून लिहा. काम ‘इंजिनात होतो’ एवढ्यावर सोडू नका, इंजिनात नेमकं काय करत होतात ते विचारा. सर्व्हिस रेकॉर्डची एक प्रत त्या वहीत ठेवा आणि अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि पदक विकत घ्यायला कुणी जुन्या वस्तूंचा व्यापारी दारात आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.